दीर्घ आजारातही श्रद्धा न सोडलेली मुलगी तुम्ही जवळून पाहिली आहे का?

आपल्या प्रश्नात आपण लिहिले आहे की आपल्या सोळा वर्षांच्या भाचीचे डायालिसिस सुरू होऊन चार महिने झाले, पूर्वी कधी बसत नव्हती इतका वेळ ती आता देवापुढे बसते, आणि हा तिला आधार आहे की ती स्वतःची समजूत घालते आहे हे घरात कुणालाच उमगत नाही. असे कुणी जवळून पाहिले असेल तर त्याने लिहावे. मी पाहिले आहे, म्हणून लिहिते. फोंडा तालुक्यातील एका शाळेत मी पुष्कळ वर्षे मराठी शिकवले. ज्या मुलीविषयी सांगणार आहे तिचे नाव इथे देणार नाही. आमच्या गोव्यात घरोघरी मुलीला ‘बाय’ म्हणून हाक मारतात, तेवढे पुरे.

बाय आठवीत माझ्या वर्गात आली तेव्हा खो-खोच्या संघात होती. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर तिची बोटे सकाळी आखडू लागली, गुडघे सुजू लागले, आणि मैदानावरून आली की दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर लालसर चट्टा उठू लागला. वाढीच्या वयात हाडे दुखतातच, असे म्हणून पहिले काही महिने गेले, आणि त्यात माझाही वाटा आहे, कारण ‘पेन धरवत नाही’ हे तिचे सांगणे मी गृहपाठ चुकवण्याचे निमित्त समजले होते. नववीच्या सुरुवातीला निदान झाले: ल्युपस. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच या रोगात शरीरावर उलटते, सांधे, कातडी, मूत्रपिंडे अशी जे सापडेल ते परके समजून त्यावर तुटून पडते. दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात, आणि मुलींमध्ये तो पुष्कळदा ऐन वयात येताना डोके वर काढतो. बायच्या मूत्रपिंडांवर त्याने सुरुवातीपासूनच घाला घातला होता. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी महिन्याभरात तिचा चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा वाटोळा झाला, उन्हात जाणे बंद झाले, खो-खो तर सुटलाच. पुढे शाळाही सुटली आणि आठवड्यातून दोनदा संध्याकाळी मी तिच्या घरी जाऊन शिकवू लागले.

घरचे वातावरण देवभोळे म्हणावे असे नव्हते, पण देव घरात होता. आजी रोज पूजा करी, वडील गावच्या देवळात सोमवारच्या भजनाला पखवाज वाजवत. घरात बोलणे कोकणीतून आणि देवापुढचे सगळे मराठीतून, ही आमच्याकडची जुनी वाटणी आहे; पोथी मराठी, आरती मराठी, अभंग मराठी. त्यामुळे मराठीचा तास म्हटला तरी तो केव्हा देव्हाऱ्याकडे वळे ते कळत नसे. एखाद्या ओळीचा अर्थ तिला हवा असे, आणि तो सांगताना माझीच तारांबळ उडे, कारण लहानपणापासून मी ती ओळ नुसती म्हणत आले होते.

तिच्या श्रद्धेचे पहिले वाक्य मला आठवते ते मात्र पोथीतले नव्हते. डॉक्टरांनी कागदावर शिपाई काढून रोग समजावला होता: हे तुझेच शिपाई, आणि ते तुझ्याच घरावर दगड मारत आहेत. तो कागद मला दाखवून ती म्हणाली, “बाई, म्हणजे हे शांतादुर्गेचे काम आहे.” गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. शिव आणि विष्णू यांच्यात युद्ध जुंपले तेव्हा देवी दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि तिने दोघांनाही शांत केले, अशी आमच्याकडची कथा आहे. देवीच्या दोन हातांतले दोन सर्प म्हणजे तेच दोघे, असे मानतात. देवीने राक्षस मारल्याच्या कथा सगळीकडे आहेत, पण घरातलेच दोघे भांडत असताना कुणालाही न मारता भांडण मिटवणारी ही देवी. चौदा वर्षांच्या मुलीने आपल्या आजारासाठी नेमकी तीच शोधावी याचे मला तेव्हा फार कौतुक वाटले. कौतुक वाटले याची आता थोडी लाजही वाटते, कारण तिला ते सुचले त्यात चमत्कार नव्हता. तिला आपल्या शरीरात काय चालले आहे ते समजून घ्यायचे होते आणि समजून घेण्याची तिच्याजवळची भाषा ती होती. वर्ग सुटल्याचे दुःखही तिने असेच कुठे तरी बसवले. आमच्या फोंडा तालुक्यातल्या कवळ्याची शांतादुर्गा मुळात गोव्यातल्याच सासष्टीतल्या केळशीची; सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळे पाडायला सुरुवात केली तेव्हा भक्तांनी तिला नदीपलीकडे आणले. “देवीला सगळा गाव सोडावा लागला. मी तर फक्त वर्गातून घरी आले,” असे बाय म्हणे.

दहावीच्या वर्षी मूत्रपिंडांनी काम जवळजवळ थांबवले आणि डायालिसिस सुरू झाले, आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास. आपल्या घरी हे सगळे माहीत झालेच असेल, पण पाण्याविषयी लिहिल्याशिवाय मला तिच्याविषयी काही सांगता येणार नाही. दिवसभरात जेवढी लघवी होते त्यात साधारण अर्धा लिटर मिळवायचा, तेवढेच पोटात घ्यायचे, असा हिशेब असतो. तिच्या वाट्याला दिवसाला सातशे मिली आले, त्यात चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळे धरून. स्टीलच्या तांब्याला आतून नेलपॉलिशची एक रेघ मारलेली होती. सकाळी रेघेपर्यंत पाणी भरायचे आणि बाहेर जे जे प्यायले जाईल तेवढे त्यातून ओतून टाकायचे. एक वही होती, तिच्या डाव्या रकान्यात पाणी आणि वजन, उजव्या रकान्यात जप. डाव्या रकान्यात रोज सकाळी पहिली नोंद असे: ‘तीर्थ १५’. पळीभर म्हणजे पाच मिली, तीन पळ्या तीर्थ म्हणजे पंधरा. ती नोंद पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी तिला म्हटले, “अगं, तीर्थ कुणी मोजते का?” तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच अशिक्षित होते. “बाई, माझ्या पोटात गेले की ते पाणीच होते.”

तीर्थ कच्च्या पाण्याचे असते आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असलेल्या मुलीला विहिरीचे कच्चे पाणी चालत नाही. आजीला हे पटायला वेळ लागला. शेवटी तिने देवळातल्या भटजींना विचारले, आणि त्यांनी एका वाक्यात निकाल दिला: देवीला उकळून गार केलेल्या पाण्याने स्नान घातले तर देवी रागवायची नाही. तेव्हापासून आजी रात्री पाणी उकळून झाकून ठेवी आणि सकाळी त्याच पाण्याने देव्हाऱ्यातल्या मूर्ती धूत असे. मला आजही वाटते की त्या घरातली खरी मोठी धार्मिक घटना कुठली घडली असेल तर ती ही.

रक्तातली घाण ओढून घेण्यासाठी यंत्रात पातळ पडद्याच्या पलीकडून मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रव वाहत असतो, हे तंत्रज्ञाने सांगितल्यावर तिने बसल्या जागी गुणाकार केला: दोनशे चाळीस मिनिटे, म्हणजे एकशे वीस लिटर. “माझ्यासाठी एकशे वीस लिटर, आणि मला सातशे मिली!” ती हसली, तंत्रज्ञही हसला. मला हसता आले नाही. यंत्राच्या सुया टोचता याव्यात म्हणून डाव्या मनगटाजवळ शीर आणि धमनी जोडून फिस्टुला केला होता. तो चालू आहे की नाही हे रोज बोटांनी थरथर चाचपून पाहावे लागते, आणि ती ते पूजा झाल्याबरोबर, नमस्काराचे हात खाली घेताना करी. एकदा तिने माझी बोटे तिथे ठेवली. कातडीखाली मांजर गुरगुरावे तशी ती थरथर होती. स्टेथोस्कोप लावला की कानाला शंख धरल्यासारखे ऐकू येते, असे तिने सांगितले.

उपवास मात्र तिला मोडावे लागले आणि त्याचे तिला वाईट वाटे. गंमत अशी की उपवासाला जे जे चालते, बटाटा, रताळे, केळे, शेंगदाणे, खजूर, शहाळ्याचे पाणी, त्यात पोटॅशियम भरपूर असते आणि मूत्रपिंडे बंद असलेल्या माणसाच्या हृदयाला ते थांबवू शकते. एकादशीचे ताट तिच्यासाठी रोजच्या भातापेक्षा धोक्याचे होते. आजी हळहळली तेव्हा ती म्हणाली, “आजी, सातशे मिलीत राहते मी. माझी रोजच एकादशी.”

प्रसादाने ती एकदा अडचणीतही आली, आणि हे आपल्या भाचीच्या घरी सर्वांना कळावे म्हणून मुद्दाम लिहिते. चवथीला आमच्याकडे गणपतीच्या वर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला रानातली आणि बागेतली फळे, कवंडळ, घागऱ्या, सुपारीचे शिपटे, तोरिंग, असे जे मिळेल ते टांगतात, आणि विसर्जनानंतर ती उतरवून वाटतात. त्या वर्षी माटोळीत करमले होती. पाच कंगोऱ्यांचे, आडवे कापले की चांदणी दिसते ते आंबट फळ. एका नात्यातल्या बाईंनी प्रेमाने दोन चकत्या तिला दिल्या. केळे नको, शहाळे नको हे सगळ्यांना पाठ होते. करमलाचे नाव आम्हाला कुणी घेतलेले नव्हते. रात्रीपर्यंत तिला उचक्या सुरू झाल्या त्या थांबेनात, मग ती असंबद्ध बोलू लागली. या फळात असा पदार्थ असतो जो निरोगी मूत्रपिंडे सहज बाहेर टाकतात, पण ज्यांची मूत्रपिंडे बंद असतात त्यांच्या मेंदूवर तो चढतो. झटके येतात, जीवही जाऊ शकतो. तातडीने डायालिसिस झाले म्हणून ती वाचली. घरी ‘देवाचा प्रसाद बाधला, काही तरी चुकले असेल’ अशी कुजबुज सुरू झाली होती. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन तिने ती ऐकली आणि म्हणाली, “प्रसाद नाही बाधला. करमल बाधले.”

आपल्या प्रश्नात एक शंका न लिहिलेली आहे, ती मला दिसते: बरी होईन या आशेवर हे सारे चालले असेल, आणि आशा मोडली तर? बायच्या बाबतीत मीही ती बाळगून होते. मग एकदा घरच्यांनी मूत्रपिंड रोपणाबद्दल ग्रामदेवतेला कौल लावायचे ठरवले. मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावतात, मनातला प्रश्न सांगतात, उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बायने जायला नकार दिला. कारण विचारले तर म्हणाली, “डॉक्टरांनाच अजून ठरवता येत नाही, देवीला कशाला पेचात टाकायचे? डावी पडली तर आई देवीकडे बघणार नाही, आणि उजवी पडून काही झाले नाही तर मी बघणार नाही.” पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने आपल्या देवीला आपल्या प्रश्नापासून वाचवावे, हे मला नवीन होते. कौल लावला गेलाच नाही.

पण म्हणून ती शांत, सोशिक, हसतमुख वगैरे होती असे समजू नका. लोक तिला तसे करून टाकू पाहत होते. भेटायला येणारे तिच्या आईला ‘केवढी तुझ्या पोरीची श्रद्धा’ म्हणत आणि स्वतः हलके होऊन घरी जात. त्या वहीच्या उजव्या रकान्यात पुढे सलग अकरा दिवस जपाचा आकडा नाही. तिथे रोज एकच शब्द लिहिलेला आहे, ‘अबोला’. फिस्टुला बंद पडून पुन्हा मानेतून नळी घालावी लागली त्या आठवड्यापासूनचे ते दिवस. डावा रकाना मात्र त्या दिवसांतही भरलेला आहे, आणि त्यात ‘तीर्थ १५’ सुद्धा आहे. मी तिला विचारले, अबोला धरलास तर तीर्थ का घेतलेस? ती म्हणाली, “आईशी अबोला धरते तेव्हा जेवते ना मी?” बाराव्या दिवशी पुन्हा आकडा आहे, १०८, आणि त्याच्यापुढे काही शेरा नाही. समेट कसा झाला, कुणी आधी बोलले, हे तिने सांगितले नाही. एवढेच मला कळले की तिच्यापुढे कुणी तरी होते; भिंतीशी कुणी अबोला धरत नाही.

यंत्रावर तिच्या शेजारी एका ख्रिस्ती मुलाची पाळी असे. त्याच्या आईने तिला एका इटालियन मुलीचे छोटे चित्र दिले, कियारा बादानो हिचे. १९७१ साली सास्सेल्लो या गावात जन्मलेली ही मुलगी टेनिस खेळणारी, पोहणारी. सतराव्या वर्षी हाडाच्या कर्करोगाचे निदान झाले, ७ ऑक्टोबर १९९० रोजी ती गेली, आणि २०१० साली चर्चने तिला भागीवंत, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरची, म्हणून घोषित केले. शुद्ध मन राहावे म्हणून तिने मॉर्फिन नाकारले होते असे त्या बाईंनी भाविकपणे सांगितले. बायने चित्र वहीत जपून ठेवले, आणि बाई गेल्यावर माझ्या कानाशी येऊन विचारले, “मला दुखले की मी औषध मागते. चालेल ना?” मी म्हटले, चालेल, ओरडून माग. त्या क्षणी मी जे बोलले ते माझ्या साऱ्या शिकवण्यातले मला सर्वांत बरोबर वाटते. आजारी मुलीपुढे आदर्श ठेवताना तिच्याकडून सहन करण्याची स्पर्धा नकळत मागितली जाते, तसे होऊ नये म्हणून आपण घरी जपावे.

रोपण झाले नाही. अवयव कुणी द्यावा हे मानवी अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा ठरवतो. त्यात २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबाही जवळचे नातेवाईक धरले जाऊ लागले. आईचा रक्तगट जुळत नव्हता, वडिलांना मधुमेह होता, म्हणून आजी पुढे झाली. तपासणीत तिचा रक्तदाब आडवा आला. आणि कुणी मिळाले असते तरी ल्युपस निदान सहा महिने शांत हवा असतो. तो तीन-चार महिने दबे आणि पुन्हा उसळे. अखेरच्या वर्षी तिने दहावीची परीक्षा लेखनिक घेऊन दिली. मराठीच्या उत्तरपत्रिकेत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका झाल्या त्या लेखनिकाच्या होत्या, असा तिचा आरोप होता आणि तो बहुधा खरा होता.

ज्येष्ठात, पावसाच्या पहिल्या आठवड्यात, तिला ताप आला. अशा औषधांवर असलेल्या रुग्णाला शंभराच्या वर ताप म्हणजे त्याच रात्री दवाखाना. आम्ही नेलेही त्याच रात्री, पण छातीतला जंतुसंसर्ग रक्तात उतरला आणि पाचव्या दिवशी ती गेली. तिला सतरावे सरत आले होते. शेवटचे दोन दिवस ती बेशुद्ध होती, तेव्हा अखेरीला तिच्या मनात काय होते हे मी सांगू शकत नाही, आणि जे ‘शेवटी नाव घेत गेली’ असे सांगतात ते तिथे नव्हते.

आता आपल्या भाचीविषयी. ती स्वतःची समजूत घालते आहे की नाही हे मला इथून कळणार नाही, पण पाहण्यासारख्या काही गोष्टी आहेत. ती देवापुढे बसते म्हणून यंत्राची पाळी चुकवते का, औषध टाळते का, पाण्याचा हिशेब सोडते का? तसे असेल तर काळजी करा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तसे नसेल तर तिला बसू द्या, आणि कधी बसली नाही तर तेही होऊ द्या; ‘आज पूजा नाही केलीस?’ असे विचारू नका. तीर्थ-प्रसाद देणाऱ्या सगळ्यांना, देवळातल्या भटजींनाही, तिला काय चालत नाही ते एकदा सांगून ठेवा, आणि करमल घराच्या आवारातही येऊ देऊ नका. तिची श्रद्धा मोठी आहे असे तिच्या तोंडावर म्हणणाऱ्या पाहुण्यांना चहा लवकर द्या.

गेल्या चवथीला मी बायच्या घरी गेले होते. आजी अजून पाणी उकळूनच मूर्तींना स्नान घालते. आता कुणासाठी, असे मी विचारले नाही. ती वही स्वयंपाकघरात फळीवर होती. निम्मी पाने कोरी राहिली होती म्हणून तिची आई आता तिच्यात दुधाचा हिशेब लिहिते, डाव्या रकान्यात लिटर आणि उजव्यात रुपये.